हिरव्या गाडीचा पांढरा तळ

१

मिस्त्रीने फोनवर काहीच सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "बाई, जमलं तर आत्ताच या. खुर्ची काढून ठेवतो, बसूनच बघा."

सर्वेअर बाईंना वाटलं, गिअरबॉक्स गेला असणार. इतकी जुनी गाडी, तिचा एखादा भाग मिळवायचा म्हणजे दहा गावं पालथी घालायची. मनाची तयारी करतच त्या गॅरेजमध्ये शिरल्या. गाडी जमिनीवरच उभी होती. चारही दारं उघडी होती आणि पुढच्या सीटसमोर पायाखालचं कार्पेट सोलून मागे उलटवलेलं होतं. तक्रार तशी किरकोळ होती. पाऊस पडला की पुढे पायाखाली पाणी साचायचं, ते कुठून येतं एवढंच शोधायचं होतं.

मिस्त्रीने बॅटरी आत धरली. त्याच्या चेहऱ्यावर चोरी पकडल्याचा आनंद नव्हता. कुणाच्या घरची वाईट बातमी आपल्या तोंडून जाणार आहे, असा तो दिसत होता.

बाईंनी वाकून पाहिलं. गाडी बाहेरून बाटलीसारखी गडद हिरवी. आतला पत्राही तसाच हिरवा असायला हवा होता, आणि मागच्या बाजूला तो होताही. पण पुढे, पाय ठेवायच्या जागेपासून इंजिनाकडे, तो पांढरा होता. पांढऱ्या आणि हिरव्याच्या मधोमध, या दारापासून त्या दारापर्यंत, वेल्डिंगची एक लांब शिवण गेली होती. ती शिवण दोन्ही बाजूंनी वर चढत पुढच्या काचेशेजारच्या खांबात शिरत होती.

"ही एक गाडी नाही, बाई," मिस्त्री म्हणाला. "दोन आहेत."

बाईंनी खुर्ची घेतली नाही. त्या तिथेच फरशीवर बसल्या. मोडलेली गाडी बघून ती कशी मोडली आणि सांगणारा खरं सांगतोय की नाही हे ओळखणं, हाच त्यांचा धंदा होता. विम्याच्या दाव्यांसाठी त्यांनी शेकडो गाड्या आतून-बाहेरून चाचपल्या होत्या. दोन अपघाती गाड्यांचे अर्धे अर्धे भाग जोडून एक गाडी विकणारे लबाड त्यांनी पकडले होते. आणि तसलीच गाडी त्या स्वतः चालवत होत्या. हिच्याच मागच्या सीटवर मुलगी बसत होती. याच गाडीतून त्यांनी आजारी आईला नेलं-आणलं होतं.

२

त्या गाडीबद्दल थोडं सांगायला हवं.

दिसायला ती अगदी पेन्शनीत निघालेल्या हेडक्लार्कची गाडी. चार दारं, चौकोनी डिकी, नाकासमोर चालणारा चेहरा. पण बॉनेटखाली टर्बोचं इंजिन आणि जोर चारही चाकांना. बाजारात आली तेव्हा कुणी तिला विचारलं नाही. ज्यांना वेग हवा होता त्यांना ती फार साधी वाटली, आणि ज्यांना साधी हवी होती ते तिची साधी बहीण घेऊन गेले. ती बहीण म्हणजे हाच सांगाडा, पण टर्बो नाही आणि जोर फक्त पुढच्या चाकांना. डिकीवरचं बोटभर अक्षर सोडलं तर दोघींत बाहेरून काडीचा फरक नाही. साधी बहीण रग्गड खपली, अजून भंगारच्या आवारांत तिची रांग लागलेली असते. टर्बोवाली मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली.

बाईंना ती आवडली ती याचसाठी. सिग्नलला शेजारचा चकचकीत गाडीवाला त्यांच्याकडे दयेने बघायचा आणि पुढच्या चढावर मागे पडायचा. पावसात, घाटात, निसरड्या वळणावर ती गाडी रस्ता असा धरायची की स्टिअरिंगवरच्या हातांना धीर यायचा. ऑफिसात तिला सगळे डबा म्हणत. बाई नुसत्या हसत.

आता मात्र पहिला संशय अर्थातच विकणाऱ्यावर गेला. गाडी त्यांनी पोहणं शिकवणाऱ्या एका निवृत्त कोचकडून घेतली होती. त्या तडक त्यांच्या घरी गेल्या. कोच म्हातारे झाले होते, पण आवाज अजून तलावाच्या काठावरचाच होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, रागावले नाहीत, उलट नवल करत राहिले. मग म्हणाले, तुम्ही घ्यायला आलात तेव्हा तासभर आमच्या अंगणात आडव्या पडून होतात, विसरलात की काय. कार्पेट उचललंत, पार पुढपर्यंत हात घातलात. हात काळेकुट्ट झाले म्हणून हिने तुम्हाला साबण दिला. तेव्हा तर तुम्हीच हसून म्हणाला होतात.

"काय म्हणाले होते?"

"की गाडी बाहेरून जशी आहे तशीच आतूनही आहे. हिरवी ती हिरवीच."

बाईंना ते आठवलं. साबणाचा वास आठवला आणि पुढचा हिरवा पत्राही. कुठेही शिवण नव्हती. म्हणजे गाडी घेतली तेव्हा अखंड होती.

ती कापली गेली होती त्यांच्याच घरी आल्यावर.

३

गाडी त्यांच्या नजरेआड एकदाच झाली होती. गेल्या वर्षी आईचं मोठं ऑपरेशन निघालं, तेव्हा बाई दुसऱ्या शहरात दवाखान्यात अडकून पडल्या. आठवड्यामागून आठवडे गेले. घरी नवरा होता, मुलगी होती आणि दोन गल्ल्या सोडून धाकटा भाऊ. आईला घेऊन त्या परत आल्या तर दाराशी गाडी नवरीसारखी उभी. नवरा म्हणाला, सगळा गंज काढून आम्ही ती रंगवून घेतली, तुझ्या वाढदिवसाला उशीर झाला एवढंच. भाऊ मागे उभा राहून हात पुसत होता. बाईंना रडू आलं होतं. एरवी कुणाचीही गाडी दिसली की त्या वाकून बघायच्या, पण भेट म्हणून दिलेली वस्तू कुणी वाकून बघत नाही.

भाऊ म्हणजे पैलवान. कुस्ती कधी खेळला नव्हता, पण अंगच तसं होतं, म्हणून नाव पडलं. लोखंडी फाटकं, जिने, कठडे बनवायचा त्याचा कारखाना. नवरा शाळेत चित्रकला शिकवणारा, उंच आणि किडकिडीत, गाडीला भिऊन असणारा. मुलगी कॉलेजात. ती त्या वेळी चालवायला शिकत होती. नंतर अचानक तिने ते सोडून दिलं. आता ती पुढे बसतही नाही, मागे बसून डोळे मिटून घेते. मळमळतं म्हणते.

त्या भेटीनंतर गाडीला पैलवानाने परक्याचा हात लागू दिला नव्हता. ताई, तुझ्या गाडीचं मी बघतो, हे त्याचं पालुपद. आता तो कामाला परगावी गेला होता, म्हणूनच केवळ ती नव्या मिस्त्रीकडे आली होती.

बाई पुन्हा गॅरेजमध्ये गेल्या आणि या वेळी आपल्या धंद्याच्या नजरेने बघायला लागल्या. मिस्त्रीचं म्हणणं होतं की असलं काम फसवणारा करत नाही. फसवणारा वरून पुटी फासतो आणि गिऱ्हाईक मिळालं की मोकळा होतो. इथे शिवणीखाली दुहेरी पट्ट्या होत्या, प्रत्येक टाका घासून गुळगुळीत केलेला होता. करणाऱ्याला आत बसणाऱ्यांचा जीव प्यारा होता. चुकलं होतं ते फक्त एका कोपऱ्यात सांधा बुजवणारं सीलिंग, तिथून पाणी यायचं. रंगाचंही तेच. उन्हाने विटलेल्या हिरव्याशी नवा हिरवा असा मिळवला होता की जोड कुठे आहे ते शोधून सापडत नव्हता. असा रंग दुकानात मिळत नाही, तो कुणीतरी डोळ्यांनी बघत बघत मिसळावा लागतो.

लोखंड भावाचं आणि रंग नवऱ्याचा, हे सांगायला आता कुणाची गरज नव्हती. प्रश्न कशासाठी एवढाच होता. बाईंच्या मनाने सोपं उत्तर पुढे केलं. गंज फार निघाला असेल, पुढचा सगळा भाग सडला असेल, म्हणून साध्या बहिणीचा पुढचा भाग आणून जोडला आणि मला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं नाही.

त्यांनी शिवणीमागच्या हिरव्या पत्र्यावरून हात फिरवला. बोटांना एक सुरकुती लागली, मग दुसरी. कपड्याला चुणी पडावी तसा जाड पत्रा दबला होता. तो ठोकून सरळ केलेला होता, पण पूर्ण सरळ झाला नव्हता.

गंजाने पत्रा सडतो. त्याला चुण्या पडत नाहीत. ही गाडी कशावर तरी जोरात आदळली होती.

४

ऑफिसात बाईंबरोबर आणखी एक सर्वेअर होता. त्यांच्या रजेत सगळे अपघात त्यानेच पाहिले होते. बाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, त्या दिवसांत असं काही आलं होतं का, ज्यात धडकणारा सापडला नाही? तो म्हणाला, नाही. मग आठवून म्हणाला, धडकणाराच नव्हता असं एक होतं. बेकरीची व्हॅन.

गावात ती गोष्ट सगळ्यांना माहीत होती. घाटात पहाटेच्या धुक्यात एका बेकरीची व्हॅन कठडा तोडून खाली गेली. बेकरीवाली चालवत होती आणि शेजारी तिचा नवरा होता. धुकं हटल्यावर कुणीतरी तुटका कठडा पाहिला, तोवर दुपार झाली होती. बेकरीवाली वाचली, पायाने अधू झाली. नवरा वरती आणेपर्यंत गेला. डॉक्टरांच्या मते तो बराच वेळ जिवंत होता. कुणी लवकर पोहोचलं असतं तर कदाचित वाचलाही असता. रात्रभर भट्टीवर जागलेली बाई, तिला स्टिअरिंगवर झोप लागली, असं सगळे धरून चालले.

"ती काहीच बोलली नाही?"

"शुद्धीवर आल्यावर म्हणत होती, काहीतरी हिरवं आलं, हिरवं आलं. घाटात झाडांशिवाय काय हिरवं असणार? नंतर तीही म्हणायची बंद झाली."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि पुन्हा लावला. सहकाऱ्याने विचारलं, बरं नाही का वाटत. त्यांनी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

व्हॅन अजून पोलिसांच्या आवारात मागच्या बाजूला गवतात पडून होती. पाच-सहा वेळा उलटत खाली गेलेली, त्यामुळे एकही बाजू धड नव्हती. इतक्या पोच्यांत आणखी एक पोचा कुणाच्या लक्षात येणार? बाई गुडघ्यावर बसल्या आणि चालवणाऱ्याच्या दाराच्या मागच्या पत्र्यापासून सुरुवात केली. दगडाने पडलेला पोचा वेडावाकडा असतो. एक पोचा मात्र रुंद होता, दोन्ही टोकांना सारखा, आणि जमिनीपासून त्यांच्या गाडीच्या बॉनेटइतक्याच उंचीवर. त्यांनी नखाने गंजाची खपली काढली. तिच्याखाली, पत्र्यात चेपून बसलेला, बाटलीच्या रंगाचा एक बारीक ओरखडा होता.

झाडाला तो रंग नसतो. तो रंग त्यांनी स्वतः रविवार-रविवार पॉलिश केला होता.

५

पैलवान निरोप मिळताच परत आला. ताईने कारण सांगितलं नव्हतं, पण कारखान्याच्या शेडमध्ये गाडी उभी आणि तिचं कार्पेट उलटलेलं पाहून तो जागीच थबकला. मग आत आला, स्टुलावर बसला आणि त्याने एका दमात सगळं सांगून टाकलं. इतकी तयार कबुली बाईंनी आजवर एकाही दाव्यात ऐकली नव्हती.

मीच चालवत होतो, तो म्हणाला. एकटाच होतो. तू नव्हतीस, गाडी दारात नुसती उभी, मला मोह झाला. घाटात धुकं होतं. ही गाडी धरते, म्हणून मी वेग ठेवला. वळणावर व्हॅन आडवी दिसली, काही करायच्या आत लागली. उतरून खाली पाहिलं, काहीच हालत नव्हतं. दोघं गेले असं वाटलं. मग तशीच गाडी शेडमध्ये आणली. इंजिन वाचलं होतं, पण पुढचा सगळा सांगाडा वाकला होता. भंगारातून साधीचा पुढचा भाग आणला, त्यात हिचं इंजिन बसवलं. दाजींना रंगाला घेतलं, त्यांना गंजाचंच सांगितलं. पोलिसांकडे मी येतो, कधी जायचं सांग.

बाईंनी ऐकून घेतलं. मग त्याला म्हणाल्या, ऊठ, चालवायच्या सीटवर बस आणि पट्टा लाव.

तो गोंधळला, पण बसला. बाईंनी दारातून हात घालून खांबावरच्या कड्याकडे बोट दाखवलं. गाडीचे पट्टे जुनेच होते. ज्या खांबांना ते लावलेले, ते शिवणीच्या मागे होते, त्यामुळे ते बदलायचं कुणाला सुचलं नव्हतं. आणि पट्ट्याची एक गोष्ट गाड्यांचे अपघात बघणाऱ्यालाच ठाऊक असते. गाडी जोरात आदळते तेव्हा आतला माणूस पुढे फेकला जातो, त्याचा सगळा भार पट्ट्यावर येतो, आणि वरच्या कड्यातून जो भाग त्या क्षणी जात असतो तो घर्षणाने वितळल्यासारखा होऊन चकाकतो. तो डाग पुसता येत नाही. पुन्हा तोच माणूस त्या जागी पट्टा लावून बसला, तर डाग बरोबर कड्याशी येतो. दुसरा कुणी बसला तर येत नाही, कारण जाड माणसाला पट्टा जास्त लागतो आणि बारक्याला कमी.

पैलवानाच्या अंगावर पट्टा ताणला गेला आणि चकाकता डाग कड्यातून निसटून पार त्याच्या खांद्यापर्यंत खाली आला.

"आता शेजारच्या सीटवर बस."

"ताई, कशाला उगाच."

"बस."

तो बसला. तिथल्या पट्ट्यालाही तसाच डाग होता. तो कड्यात असा चपखल बसला की जणू त्याच्यासाठीच मापून आखला होता.

"तू शेजारी बसला होतास," बाई म्हणाल्या. "चालवत कोण होतं?"

पैलवानाने पट्टा सोडला. बाईंनी मनात नवऱ्याला चालवायच्या सीटवर बसवून पाहिलं. तो उंच, सीट पार मागे सरकवूनही त्याचे गुडघे स्टिअरिंगला टेकत, त्यालाही पट्टा जास्त लागला असता. डाग बारक्या माणसाचा होता. मग कसलाही विचार न करता त्या स्वतःच वळसा घालून चालवायच्या सीटवर बसल्या. सीट त्यांच्या सवयीच्या जागी आणली. पट्टा ओढून लावला आणि मान वळवून वर पाहिलं.

डाग कड्याशी होता. थेट, केसाचाही फरक न पडता.

त्या दिवशी पहाटे त्या आईच्या उशाशी होत्या. आणि घरात त्यांच्या मापाचं एकच माणूस होतं, जे त्यांचे कपडे न विचारता घालायचं आणि ज्याला ते दुरुस्त करून घ्यावे लागत नसत.

भावाने तोंड ओंजळीत घेतलं होतं. बाईंनी त्याला एवढंच सांगितलं की व्हॅनमधला माणूस दुपारपर्यंत जिवंत होता. पैलवानाने हात खाली घेतले. त्याला हे माहीत नव्हतं. त्या दिवसापासून त्याने पेपर उघडला नव्हता, कुणी तो विषय काढला की उठून जायचा. तो सीटवरून उतरला, शेडच्या भिंतीपर्यंत गेला आणि भिंतीला धरून खाली बसला. एवढा मोठा देह, पण उठायला त्याला कितीतरी वेळ लागला.

६

घरी नवरा मुलांच्या चित्रांवर शेरे लिहीत बसला होता. बायकोचा चेहरा पाहून त्याने पेनाला टोपण लावलं. पैलवानाने काय सांगितलं ते बाईंच्या तोंडून ऐकताच तो म्हणाला की रंग त्याने दिला, आणि गंजाचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पैलवान खोटं बोलला असेल तर ते मला वाचवायला. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"एक माणूस गेलाच होता," तो म्हणाला. "आपली मुलगी कशाला घालवायची, असं वाटलं."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू गप्प बसली नसतीस."

हे खरंच होतं. वीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने दिलेली सर्वांत मोठी शाबासकी आणि सर्वांत मोठा विश्वासघात एकाच वाक्यात आला होता. ज्या रंगासाठी त्या रडल्या होत्या, तो त्यांच्यावरच चढवलेला रंग होता. घरच्या तिघांनी वर्षभर त्यांच्यासोबत जेवताना, हसताना, त्यांच्याच गाडीतून फिरताना त्यांच्या डोळ्यांवर नजर ठेवली होती.

मुलगी आतल्या दारात उभी होती. कधीपासून उभी होती कोण जाणे. तिने काही नाकारलं नाही. मामा शिकवत होता, धुकं होतं, मला भीती वाटत होती. मामा म्हणाला, भिऊ नकोस, ही गाडी धरते, घे अजून. मी घेतलं. लागल्यावर मला खाली जायचं होतं, मामाने मला ओढून गाडीत घातलं आणि स्वतः चालवायला बसला. इथवर ती एखादं पाठ केलेलं म्हणावं तसं म्हणत गेली.

बाईंच्या मनात एकच गोष्ट अडकली होती, आणि ती मुलीला सांगावी की नाही हे त्यांना कळत नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं, पण मुलगीच आधी बोलली.

"तो दुपारपर्यंत होता. मला माहीत आहे, आई. मी पेपरात वाचलं."

तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं. मामालाही नाही, बाबांनाही नाही. त्यांनी तिला वाचवल्याचं समाधान त्यांच्याकडे राहू दिलं होतं, आणि हे एकटीने जवळ ठेवलं होतं. नवरा खुर्चीतून अर्धवट उठला आणि तसाच थांबला. आपण काय वाचवलं होतं, ते तो पहिल्यांदाच बघत होता.

७

पुढचं सगळं गावाला माहीत आहे. पैलवान आणि मुलगी दोघांवर खटला चालला, पैलवान आत गेला, मुलीला वयाचा आणि स्वतःहून आल्याचा थोडा फायदा मिळाला. शाळेने चित्रकलेच्या सरांना घरी बसवलं. बाईंच्या आईने पैलवानाचं नाव काढणं सोडलं आणि लेकीशी बोलणंही. काही नातेवाईक अजून म्हणतात, स्वतःच्या पोटच्या पोरीला असं कुणी करतं का. बाई त्यांना उत्तर देत नाहीत.

पण पोलिसांकडे जायच्या आधी मायलेकी आणखी एका ठिकाणी गेल्या होत्या. ते गावाला माहीत नाही.

बाईंनी मुलीला विचारलं होतं, आधी कुठे जायचं. मुलीनेच पत्ता सांगितला. तिला तो पाठ होता. या वेळी मुलगी पुढे बसली.

बेकरीवाली आता घरातच भट्टी चालवत होती. बाहेरच्या खोलीत पावाचे ट्रे एकावर एक रचलेले, पिठाचा गरम वास, आणि ती एका उंच स्टुलाला रेलून पाव कागदात बांधत होती. तिला वाटलं गिऱ्हाईक आहे. मुलीने उंबऱ्यातच उभं राहून सांगितलं, त्या दिवशी घाटात तुमच्या व्हॅनला आमची गाडी लागली. ती मी चालवत होते. मग आम्ही निघून गेलो.

बाई मनाशी तयार होत्या. शिव्या येतील, हातातलं काही अंगावर येईल, शेजारी धावून येतील. आलं तर येऊ द्यायचं, मुलीच्या पुढे जाऊन उभं राहायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यासाठी त्यांनी एका हाताने दुसरा हात घट्ट धरून ठेवला होता.

बेकरीवालीने हातातला पाव खाली ठेवला. तिच्या चेहऱ्यावर राग यायला हवा होता, तो वाटेत कुठेतरी थांबला होता.

"म्हणजे मी झोपले नव्हते," ती म्हणाली.

"नाही. तुम्ही जाग्या होतात. तुमची काही चूक नव्हती."

"मला झोप लागली नव्हती." ती हे मुलीला सांगत नव्हती. "मीच माझ्या माणसाला मारलं, असं मी रोज धरून चालले. मला हिरवं आठवायचं. मग सगळे म्हणाले झाडं, तर मलाही झाडं दिसायला लागली."

तिने स्टुलाला टेकवलेली काठी घेतली, खोली ओलांडली आणि मुलीचं मनगट धरलं. इतकं घट्ट की मुलीचे ओठ आवळले गेले. पिठाचे पांढरे ठसे तिच्या कातडीवर उमटले.

"आत माझी सासू आहे," ती म्हणाली. "पोरगा गेल्यापासून ती माझ्या हातचं पाणी पीत नाही. चल. जे मला सांगितलंस ते तिला सांग. माझ्यावर तिचा विश्वास नाही."

मुलीने एकदाच मागे वळून आईकडे पाहिलं. बाई जागच्या हलल्या नाहीत. काठीचा आवाज आतल्या खोलीपर्यंत गेला आणि थांबला. एक म्हातारा, कोरडा आवाज कोण आहे म्हणून विचारत होता. बाहेर पावांच्या ट्रेपाशी उभ्या राहून बाई ऐकत होत्या. मग त्यांच्या लेकीचा आवाज आला. तिने पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली होती.